कॉट बेसिसच्या खोलीलाही परवाना हवा

बारावीचा निकाल लागला की धाराशिव शहरात खोल्यांचा शोध सुरू होतो. भूम, परंडा, कळंब, लोहाऱ्याहून मुले येतात; कोणी कॉलेजसाठी, कोणी पोलीस भरतीच्या तयारीसाठी. सोबत आलेले वडील भाडे ठरवतात, ॲडव्हान्स देतात, मेस कुठे आहे ते विचारून घेतात. खिडकी उघडते का, हे सहसा कोणी पाहत नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत चार कॉट म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २५ चौरस फूट. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा त्याहून जास्त लोक एका घरात भाड्याने राहत असतील, तर मालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. तिथे दोन प्रौढांच्या झोपण्याच्या खोलीला किमान १०.२२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ११० चौरस फूट जागा लागते. आपली दहा बाय दहाची खोली तिकडे दोघांनाही देता येणार नाही.

प्रश्न नुसत्या अडचणीचा नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत काही तास तरंगत राहतात. समोरासमोर दोन खिडक्या असतील तर तीच हवा बाहेर निघून जाते. एक मुलगा दोन आठवडे खोकत असेल, तर उरलेले तिघे रात्रभर त्याच हवेत श्वास घेतात. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण ते किमान सहा महिने चालतात. तेवढ्यात भरतीची एक फेरी हुकते.

पाण्याचे तसेच. धाराशिवला नळ रोज येत नाही, त्यामुळे बॅरल भरून ठेवणे भागच आहे. डेंगीचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. घरात आठवड्याला कोरडा दिवस पाळायला कोणीतरी असते. सहा जणांचे बॅरल मात्र कोणाचेच नसते. हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरची भर पडते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घर दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे (कलम १४), आणि करार लेखी व नोंदणीकृत हवा (कलम ५५). कॉट बेसिसवर राहणाऱ्या किती मुलांच्या हातात असा करार असतो? आणि तक्रार करणार कोण? बोलणाऱ्याला आधी खोली सोडावी लागते. न बोलणारा वर्षभरात निघून जातो, खोली तशीच राहते आणि जूनमध्ये पुढची चार मुले येतात. भाडेकरू कोण आहे याची माहिती अनेक शहरांत पोलीस मागतात. खोली कशी आहे, हे कोणी विचारत नाही. म्हणून तपासणी भाडेकरूच्या तक्रारीवर न सोडता मालकाच्या परवान्याला जोडली पाहिजे.

यावर मालकांचे म्हणणे खोटे नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी एखादी विधवा बाई नगरपरिषदेत किती खेटे घालणार? आणि परवाना आला की चिरीमिरी आली, ही भीतीही अनुभवातूनच आलेली आहे. त्यामुळे पाचपेक्षा कमी भाडेकरू असलेल्यांना त्यातून वगळावे, फी ठेवू नये. मालमत्ता कराच्या आकारणीसाठी नगरपरिषदेची माणसे घरोघर जातातच. त्याच फेरीत उघडणारी खिडकी, टाकीचे झाकण, किती जणांमागे किती संडास आणि गिझर कुठे आहे, एवढेच पाहावे. निकाल दारावर चिकटवावा, म्हणजे वडिलांना ॲडव्हान्स देण्याआधी तो वाचता येईल.

जागेचा नियम मात्र घाईने लावू नये. चारच्या दोन कॉट झाल्या तर प्रत्येकाचे भाडे दुप्पट होईल, आणि ते न परवडणारा मुलगा आणखी वाईट, नोंद नसलेल्या पत्र्याच्या खोलीत जाईल. सरकारी वसतिगृहांतल्या जागा वाढेपर्यंत तो नियम थांबू शकतो. खिडकी आणि टाकीचे झाकण यांना तेवढा वेळ लागत नाही.