झाडू घेतला, कीर्तन विसरले

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वाटेत वलगाव लागते. या गावाजवळ पेढी नदीच्या पुलावर 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेमहाराजांची प्राणज्योत मालवली. उभा जन्म रस्त्यावर काढलेला हा माणूस गेलाही रस्त्यावरच. दर वर्षी पुण्यतिथीला वऱ्हाडात ठिकठिकाणी प्रतिमापूजन होते, झाडू हाती घेतलेल्या पुढाऱ्यांची छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी तो झाडू कोपऱ्यात जाऊन पडतो. शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. 2005 साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. परंतु बाबांचे अर्धेच कार्य समाजाने उचलले आहे. दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री ते त्याच गावाला कीर्तनात बसवीत आणि माणसांच्या डोक्यातील केरकचरा काढण्याचे खरे काम तेथे चाले. झाडू शासनाने घेतला. कीर्तनाला मात्र वारस उरला नाही.

या कीर्तनाची आठवण आज करावयाची ती स्त्रीवर घराच्या चार भिंतींत होणाऱ्या हिंसेच्या संदर्भात. 2019–21 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. वीस ते चोवीस वर्षे वयाच्या पाचांपैकी एकीहून अधिक मुलींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच उरकलेले होते. हे आकडे सांगणाऱ्यांचे आहेत. सासू, दीर आणि शेजारीण यांच्या देखत ज्या बोलूच शकल्या नाहीत, त्यांची मोजदाद कोणत्याच पाहणीत होत नाही.

कायद्यांची वाण आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. विदर्भातीलच देसाईगंज येथे 1972 साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण ‘मथुरा खटला’ म्हणून देशभर गाजले. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, त्या निकालाविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली बलात्काराचा कायदा बदलावा लागला. त्याच वर्षी पतीकडून व सासरकडून होणारी क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. 2005 साली कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा आला. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी न्यायसंहिता आली, तरी तो गुन्हा गुन्हाच राहिला. हे सर्व चळवळींनी मिळविलेले आहे व त्याचे मोल मोठे आहे. परंतु कायदा गुन्हा घडून गेल्यावर दारात येतो. ज्या गावात ‘मारते तं मारते, नवराच हाये’ असे मार खाणारीची आईच म्हणते, त्या गावात कायद्याला कोणी बोलावीतच नाही. जी गोष्ट अन्याय वाटत नाही, तिची फिर्याद होत नसते. म्हणून अन्याय हा अन्याय वाटावयास लावणे हे पहिले काम ठरते आणि ते काम शिक्षणाचे व कलेचे आहे.

गाडगेबाबांची पद्धत येथे अभ्यासण्याजोगी आहे. ते प्रवचन झोडीत नसत. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर समुदायाकडून घेत. एक प्रश्न, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. अखेर ऐकणाऱ्याच्याच तोंडून त्याच्या रूढीचा निकाल लागे. कर्ज काढून लग्न करणारा, देवापुढे बकरे कापणारा, दारू पिणारा, लेकरांना शाळेत न घालणारा असा प्रत्येकजण त्या गर्दीत बसलेला असे आणि हसता हसता स्वतःलाच उघडा पडलेला पाही. चारचौघांत आपल्या तोंडाने दिलेले उत्तर घरी जाताना सहज पुसून टाकता येत नाही. हीच या पद्धतीची ताकद होती.

या परंपरेला वऱ्हाडात जुनी मुळे आहेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून साऱ्या दोषांचे गाठोडे बाईच्या माथी मारणाऱ्या पुरुषांना जाब विचारला आणि त्यांची पाठराखण महात्मा फुल्यांनी केली. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गाव जागविले आणि ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक हे याच कुळातील. स्त्रीमुक्ती संघटनेने 1983 पासून ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक गावोगाव, वस्त्यावस्त्यांत नेले. नेपथ्याचा पसारा नाही, रंगमंदिराची गरज नाही; जेथे बाया बसतील तेथे प्रयोग. संघटना तेथे थांबली नाही. तिने पीडित स्त्रियांसाठी सल्ला केंद्रे चालविली व शाळांतून किशोरवयीन मुलामुलींशी संवाद सुरू केला. ‘मावा’ ही मुंबईत 1993 साली उभी राहिलेली पुरुषांची संघटना तर सरळ तरुण मुलग्यांकडे गेली, कारण हिंसा करणारा हात ज्याचा, बदलावयाचे ते मनही त्याचेच.

मग गाड्याचे चाक रुतले कोठे? याचे उत्तर पुरोगामी पक्षांनी व संघटनांनी स्वतःच्या घरात शोधावयास हवे. कलापथक हे सभेपूर्वी गर्दी जमविण्याचे साधन, पुढारी आले की शाहिराने खाली उतरावयाचे, अशी समजूत आपोआप रूढ होत गेली. निवडणुकीचे गणित वाढले तसे कलापथक आटले. मोकळी झालेली जागा शासकीय योजनांच्या पथनाट्यांनी घेतली. ठरावीक दिवसांत ठरावीक गावे, प्रत्येक गावात वीस मिनिटे, छायाचित्र आणि सरपंचाची सही. असे पथक पुन्हा त्या गावात येत नाही. प्रयोगानंतर एखादी बाई रडत पुढे आली, तर तिला कोणाकडे न्यावयाचे हे त्यातील मुलांना ठाऊक नसते. ज्या नाटकाच्या मागे संघटना उभी नाही, ते नाटक बाईला बोलते करून एकटी सोडते; आणि बोललेल्या बाईला त्या रात्री अधिक मार पडतो. हा धोका क्षुल्लक समजू नये.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. वारसा घ्यावयाचा तर तो डोळे उघडे ठेवून घेतला पाहिजे. हातावर भाकर घ्या, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलाला शाळेत घाला, असा बाबांचा उपदेश प्रसिद्ध आहे. त्यामागील शिक्षणाची तळमळ शंकेपलीकडची आहे. तरीही काटकसरीची सुरुवात बायकोच्या लुगड्यापासून व्हावी आणि त्याचा निर्णय नवऱ्याने करावा, ही त्या काळाची मर्यादा होती. आजचे कीर्तन तेथून पुढे गेले पाहिजे. समोर बसलेल्या पुरुषांना त्याने विचारावे की सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे काय? सोयाबीनचे पैसे आले तेव्हा तिला विचारले काय? पोराच्या हातून ताट फुटले तर हसता आणि पोरीच्या हातून फुटले तर हात उगारता, हे खरे की खोटे? कर्जापायी ज्याने जीव दिला त्याच्या विधवेला हळदीकुंकवाला कोणी बोलावले? प्रश्न बाबांच्याच रीतीचे, पण त्या रात्री जे विचारले गेले नाहीत ते.

तिसरी गोष्ट गावच्या न्यायाची. 2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने तडजोडीला प्रतिष्ठा दिली. बांधाच्या भांडणात तडजोड चांगलीच. परंतु मारहाण हा तंटा नव्हे. ज्यात एक मारतो व दुसरी खाते, त्यात ‘दोघांनी समजुतीने घ्यावे’ असे सांगणारा पंच मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलेला असतो. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती सभा कागदावर न उरता भरली, तर हा फरक तेथे मांडता येईल. पंचाला तो पटवून देण्यास एका रात्रीचे नाटक पुष्कळ भाषणांपेक्षा उपयोगी पडेल.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्यात एक पथक असावे, त्यात गावची मुले-मुली असावीत आणि भाषा गावची असावी. प्रयोग शाळेत व्हावा, चावडीवर व्हावा आणि पुरुष जेथे जमतात त्या पारावर तर व्हावाच. पथकाबरोबर एक अनुभवी कार्यकर्ती असावी. संरक्षण अधिकारी कोण, तालुक्याला वकील कोण, रात्री आसरा कोठे, हे तिला पाठ असावे. आणि महिन्याभराने पथकाने त्याच गावात परत जावे. या साऱ्याला मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य, आणि तेच आज महाग झाले आहे.

बाबांच्या हाती फुटके मडके होते, अंगावर चिंध्या होत्या. साधने नाहीत ही सबब त्यांच्यासमोर कोणाला सांगता आली नसती. येत्या 20 डिसेंबरला वलगावच्या पुलाकडे जे कार्यकर्ते जातील, त्यांनी सकाळी झाडू अवश्य घ्यावा. पण दिवेलागणीनंतर गावातच थांबावे, बाया-पुरुषांना एकत्र बसवावे आणि पहिला प्रश्न विचारावा. उत्तर यावयास वेळ लागेल. तोवर उठून जाऊ नये.