मयूराचे पंख कुणी छाटले?

श्रीलंकेच्या राष्ट्रीय विमानसेवेचे बोधचिन्ह मयूर आहे. सिंहली लोककथेत रावणाच्या आकाशयानाला ‘दंडू मोनर’, म्हणजे काष्ठमयूर म्हणतात. एका लहान बेटाने आपल्या पुरातन स्मृतीतून हे प्रतीक निवडावे, यात स्वाभिमानच होता. परंतु स्वाभिमानाचे चिन्ह रंगवणे सोपे आणि तो सांभाळणे कठीण, याचा धडा या विमानसेवेच्या चार दशकांहून अधिक काळाच्या वाटचालीत आहे.

१९४७ मध्ये जन्मलेली ‘एअर सिलोन’ डबघाईला येऊन बंद पडल्यावर राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी १९७९ मध्ये ‘एअर लंका’ उभी केली. विमानसेवेपेक्षा पाटबंधारे, शेती व घरबांधणी यांकडे पैसा आणि गुणवंत माणसे वळवा, असा सल्ला सिंगापूरचे ली क्वान यू यांनी दिला होता. जयवर्धने यांना तो पटला नाही. अखेर सिंगापूरनेच साह्य केले. मात्र पुढे जुनी मोठी विमाने घेऊ नका, हा सल्लाही डावलला गेला, असे ली यांनी आत्मवृत्तात नमूद केले आहे. प्रवासी कमी आणि आसने फार, असा आतबट्ट्याचा व्यवहार सुरू झाला.

त्यानंतर दहशतवादाचे घाव बसले. १९८६ मध्ये कोलंबो विमानतळावर एअर लंकेच्या विमानात बॉम्बस्फोट होऊन २१ जणांचा बळी गेला. १९९८ मध्ये दुबईच्या ‘एमिरेट्स’ने सुमारे ४० टक्के भागभांडवल घेतले आणि दहा वर्षांसाठी व्यवस्थापन स्वीकारले. पुढे कंपनीचे नाव ‘श्रीलंकन’ झाले. २४ जुलै २००१ रोजी ‘लिट्टे’ने कटुनायके विमानतळावर हल्ला करून तिच्या ताफ्यातील जवळजवळ निम्मी विमाने नष्ट वा निकामी केली. इतका प्रहार सोसूनही ही विमानसेवा सावरली, नफ्यात आली. शत्रूला जे साधले नाही, ते पुढे स्वकीयांनी साधले.

डिसेंबर २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष महिंद राजपक्षे यांच्या लवाजम्याला लंडनहून परतायचे होते. त्यासाठी आरक्षण केलेल्या प्रवाशांना उतरवण्यास व्यवस्थापनाने नकार दिला. तिकीट काढलेल्या सामान्य माणसाचा हक्क राखणे हाच त्या व्यवस्थापनाचा अपराध ठरला! परदेशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा कामाचा परवाना रद्द झाला. २००८ मध्ये एमिरेट्सने व्यवस्थापन सोडले, २०१० मध्ये आपला हिस्सा ५ कोटी ३० लाख डॉलरना सरकारला विकला. अध्यक्षपदी राष्ट्राध्यक्षांचे मेहुणे आले. त्यानंतर तोटा हा जणू कंपनीचा स्थायीभाव झाला. २०२० मध्ये ब्रिटनच्या न्यायालयासमोर आलेल्या एअरबस लाचप्रकरणात, श्रीलंकनच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीला २० लाख डॉलर दिले गेल्याचे उघड झाले. २०२२ मध्ये देशच दिवाळखोर झाला. औषध आणि इंधनासाठी जनता रांगेत उभी असताना या तोट्याचे ओझेही तिच्याच माथी होते. २०२४ मध्ये विक्रीचा प्रयत्नही फसला.

दोष राष्ट्रीय विमानसेवेच्या स्वप्नाचा नाही. राष्ट्राची मालकी म्हणजे राज्यकर्त्यांची मालकी, हा समज घातक आहे. आपणही हे भोगले आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली एअर इंडिया कर्जाच्या डोंगराखाली दबून जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांच्या हाती गेली. तेव्हा शेजाऱ्याला हसण्याचे कारण नाही. शहाणे होण्याचे मात्र आहे.

रावणाने पुष्पक कुबेरापासून बळाने हिरावले होते. लंका जिंकल्यावर श्रीरामांनी त्यातूनच अयोध्या गाठली. पण राज्याभिषेकाची वाटही न पाहता ते ज्याचे त्याला परत धाडले. सत्ता हाती असताना दुसऱ्याचे विमान दुसऱ्याचेच मानणे, हीच राज्यकर्त्याची खरी कसोटी होय.