रोपाचे कूळ पाहून बाग लावावी

हिवाळा लागला की जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाईतदाराचे लक्ष आंबिया बहाराकडे लागते. पाणी केव्हा तोडावे व ताण किती दिवस द्यावा, याचा विचार सुरू होतो. अलीकडे त्यास आणखी एका विचाराची जोड मिळाली आहे. उष्ण प्रदेशात येणाऱ्या सफरचंदाची कलमे विक्रीस आली असून, ती लावावीत काय, असे शेतकरी विचारू लागले आहेत. २०१२-१३ च्या अवर्षणात जिल्ह्यातील मोसंबीच्या असंख्य बागा वाळल्या. ज्याची उभी बाग डोळ्यांदेखत गेली, त्यास नव्या झाडाची ओढ वाटावी, यात नवल नाही. परंतु फळाचे चित्र पाहून कलम घेणे निराळे आणि झाडाचा स्वभाव जाणून घेणे निराळे.

सफरचंद, पीच, नासपती ही झाडे थंड प्रदेशातील आहेत. हिवाळ्यापूर्वी ती पाने टाकतात व त्यांचे डोळे मिटतात. या विसाव्यास सुप्तावस्था म्हणतात. मध्येच चार दिवस ऊब मिळाली, तरी डोळे फुटत नाहीत. ठराविक थंडी भोगल्यावाचून ती झाडे जागी होत नाहीत. सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील तास मोजून ही गरज ठरवितात. थंड प्रदेशातील सफरचंदाच्या अनेक जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. जालन्यात बहुतेक रात्री पारा १० अंशांच्या वरच राहतो. थंडी अपुरी पडल्यास डोळे उशिरा व विरळ फुटतात, फुलोरा लांबतो आणि फळधारणा बिघडते.

ही गरज खतपाण्याने बदलत नाही, कारण ती झाडाच्या आनुवंशिक घटकांत, म्हणजे जनुकांत, असते. मेक्सिकोतील एका पीचच्या झाडाचे शेंडे हिवाळ्यातही वाढतच राहतात. त्याच्या एकापाठोपाठ असलेल्या सहा जनुकांच्या समूहाचा काही भाग लोपलेला आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हीच जनुके डोळे मिटून ठेवतात. थंडी लाभत जाते तसतसा त्यांचा जोर ओसरतो.

थंडीची गरज कमी असलेल्या जाती निवडीने व संकराने मिळतात. इस्रायलमधील ‘अॅना’ ही अशीच संकरित जात आहे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी श्री. हरिमन शर्मा यांनी निवडलेली ‘एचआरएमएन-९९’ ही जात महाराष्ट्रातही लावली गेली आहे. या कार्यासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तथापि, थंडी कमी लागणे म्हणजे वैशाखाचे ऊन व पाण्याची टंचाई सोसणे नव्हे. हे गुण वेगवेगळे आहेत.

थंडी सोसण्याचा गुणही निराळाच. १८९४-९५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील फ्लोरिडात कडाक्याच्या थंडीने संत्रावर्गीय बागा जळाल्या. तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी गोड संत्र्याचा संकर थंडी सोसणाऱ्या त्रिपर्णी संत्र्याशी केला. संकरित झाडे काटक निघाली, पण फळे कडू! खुंट म्हणून मात्र ती उपयोगी पडली. एक गुण घेताना दुसरा अवगुण पदरी येतो, तो असा.

मोसंबीचा स्वभाव आपल्या हवामानाशी जुळणारा आहे. ती सदाहरित असून तिला दीर्घ सुप्तावस्था लागत नाही. सौम्य थंडी किंवा पाण्याचा ताण मिळाला की तिची वाढ मंदावते आणि डोळ्यांत फुले धरण्याची तयारी होते. आंबिया बहाराचा ताण हा याच स्वभावाचा उपयोग होय. जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगीच नव्हे.

म्हणून जिल्ह्याचा मुख्य भरवसा मोसंबीवरच असावा, हे योग्य होय. नव्या फळास दार बंद करू नये. मात्र एकरभर लागवडीऐवजी बांधालगत पाच-दहा झाडे लावून तीन-चार बहार पाहावेत. कलम घेण्यापूर्वी जातीचे नाव, तिची थंडीची गरज, खुंट कोणता आणि परागीकरणास दुसरी जात लागते काय, हे लेखी घ्यावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनीही हेच प्रश्न विचारण्याची सवय गावास लावावी. विक्रेत्यास उत्तर देता येत नसेल, तर ते कलम घेऊ नये. वर्षाचे पीक चुकले तर पुढील हंगामी सावरता येते. बाग चुकली तर जमीन, विहिरीचे पाणी आणि आयुष्यातील पाच-सात वर्षे हातची जातात.