ब्लॉग नेटवर्क जॉईन करताय? आधी हे बघा
ब्लॉग नेटवर्कमध्ये लिहून पैसे मिळतात, हे खरं. पण मी आधी एकच गोष्ट बघतो : लेख कोणाच्या मालकीचे?

२००३ साली सुरू झालेलं वेब्लॉग्ज इंक हे अमेरिकन नेटवर्क एओएलने २००५ मध्ये विकत घेतलं. एन्गॅजेट त्यातलाच ब्लॉग. लिहिणाऱ्यांना मानधन मिळायचं, विक्रीचे पैसे मात्र मालकांचे.

स्वतःच्या ब्लॉगवर ॲडसेन्स लावलं तर १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत, पण लेख तुमचेच राहतात. त्यात २०२४ पासून भारतातही गुगल सर्चमध्येच एआयचं उत्तर दिसतं, म्हणजे क्लिक कमी होण्याची भीती. अशा वेळी जुने लेख आणि नेहमीचे वाचक हीच आपली पुंजी. म्हणून करारात लेखांचे हक्क आणि बाहेर पडायची अट नीट वाचा. जॉईन होण्यासाठी पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा!