पाळणाघर आणि आपण डॉक्टर मंडळी

गेली सव्वीस-सत्तावीस वर्षे मी इंदुरात बालरोगचिकित्सेचा व्यवसाय करीत आहे. या काळात एक वाक्य मी किती मातांना ऐकविले असेल, याची गणती नाही. दीड वर्षाचे मूल महिन्यात दुसऱ्यांदा सर्दी-खोकल्याने आणले जाते. आई बँकेतून किंवा शाळेतून धावतपळत आलेली असते. मी छाती तपासतो, औषध लिहितो आणि कागद हाती देताना सांगतो, "काही दिवस पाळणाघर बंद ठेवा." वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या वाक्यात फारशी चूक नाही. परंतु एकदा एका आईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि अगदी शांतपणे विचारले, "बंद ठेवते डॉक्टर. पण मग याला ठेवू कुठे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता, त्याचा आधार घेऊन मी ती वेळ निभावून नेली.

स्मरणिकेच्या निमित्ताने तोच प्रश्न आज आपणा सर्व सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे, कारण तो त्या एकट्या आईचा नाही.

आपल्या पिढीतील अनेकांचे बालपण रामबागेतील किंवा राजवाड्यालगतच्या वाड्यांत गेले. घरात आजी, शेजारी काकू, चौकात सदैव कोणी ना कोणी. मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न कोणी विचारीतच नसे. आज वाडे गेले, मुले-सुना शहराच्या दुसऱ्या टोकाला राहावयास गेली, आणि आजी असलीच तर ती गुडघेदुखीने बेजार तरी असते किंवा स्वतःच अजून नोकरीत असते. माझा मुलगा २००१ साली जन्मला. पत्नीही डॉक्टर, दोघेही दिवसभर बाहेर. पण घरी माझी आई होती. त्यामुळे पाळणाघर मला ठाऊक होते ते केवळ रोगाचे कारण म्हणून, जसा डास हे मलेरियाचे कारण. आत पाऊल टाकण्याचा प्रसंगच आला नव्हता.

तो प्रसंग आमच्या सिस्टरमुळे आला. सात वर्षे त्या माझ्याकडे काम करीत होत्या. एका पावसाळ्यात तापाची साथ चालू असताना संध्याकाळची ओपीडी साडेआठच्या पुढे गेली. सिस्टरांची नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. "सिस्टर, लक्ष कुठे आहे तुमचे?" असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरकडून कळले की, त्यांचा दोन वर्षांचा मुलगा ज्या पाळणाघरात असतो ते सातला बंद होते. आणि त्या रात्री तिथल्या काकूंनी त्याला आपल्या घरच्यांच्या पंगतीत जेवू घालून झोपविले होते. ज्या हातांच्या भरवशावर मी लोकांची बाळे तपासत होतो, त्या हातांचे स्वतःचे मूल दिवसभर कोठे असते, हे मी सात वर्षांत एकदाही विचारले नव्हते. या लेखाचा उगम त्या संकोचात आहे.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे माझ्या सुटीच्या दिवशी, काकूंची परवानगी घेऊन मी सकाळी नऊला त्या पाळणाघरात गेलो आणि संध्याकाळी साडेसहाला निघालो. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, पुढे जाळीचे दार, त्यावर हिंदीत 'झूलाघर' आणि खाली लहान अक्षरांत 'पाळणाघर'. चौदा मुले, त्यांतील तीन वर्षाच्या आतली, सहा एक ते तीन वर्षांची, आणि पाच शाळा सुटल्यावर दुपारी एकला येणारी. सांभाळायला दोघी जणी : साठीच्या घरातल्या काकू आणि मुले जिला 'दीदी' म्हणतात ती मदतनीस.

सकाळचा पहिला अर्धा तास रडण्याचा. काकू प्रत्येक मूल आईच्या कडेवरून थेट आपल्या कडेवर घेत. खाली ठेवून दार लावण्याची घाई करीत नसत. मग डबे एका फळीवर ओळीने लागले. साडेदहाला खाणे, मग अंगणात वाळू आणि डबडी, बाराला वरणभात नाहीतर खिचडी. ज्याला चमचा धरता येतो त्याने स्वतः खायचे, सांडले तर सांडू द्यायचे. दुपारी गोधड्यांवर ओळीने निजानीज. एक मूल पाठीवर थोपटल्याशिवाय झोपत नाही, दुसऱ्याला आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा हवा, तिसऱ्याचे नाक चोंदले की उशी न देता कुशीवर वळवायचे नाही, त्याला उचलून घ्यायचे. ही सगळी माहिती काकूंच्या डोक्यात. घरी हिंदी-इंग्रजी बोलणारी दोन मराठी मुले तिथे मराठीत हट्ट करताना ऐकून मला गंमत वाटली आणि बरेही वाटले. पाचनंतर मात्र प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला चौदा माना दाराकडे वळत. सिस्टरांचा मुलगा त्या दिवशीही शेवटचाच होता.

डॉक्टरच्या नजरेला त्या घरात उणिवाही पुष्कळ दिसल्या. हात धुण्याची एकच जागा, तीही मागील दारी. लंगोट बदलणारी आणि भात कालवणारी दीदी एकच. दोन्हींच्या मध्ये साबण कधी लागे, कधी नाही. सर्वांना मिळून एक ओला पंचा. कपाटात अर्ध्या वापरलेल्या औषधांच्या अकरा बाटल्या, कोणाची कोणती ते काकूंना पाठ, पण बाटलीवर नाव एकाही नाही. पालकांचे दूरध्वनी क्रमांक फक्त काकूंच्या मोबाइलमध्ये. खाली, स्टुलावर काकूंच्या यजमानांचा सुपारीचा डबा. रांगत्या मुलाच्या श्वासनलिकेच्या दृष्टीने याहून घातक वस्तू घरात क्वचितच असेल. घरात फ्रीज होता, पण कोणत्याही आईने काढून ठेवलेले दूध तिथे कधी आले नव्हते. ते फ्रीजमध्ये टिकते, हेच कोणी सांगितले नव्हते.

निघताना मी या गोष्टी जपून काकूंच्या कानांवर घातल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तीस वर्षांत आत येऊन बघणारे तुम्ही पहिले. बाकी डॉक्टरांची नुसती चिठ्ठी येते, 'पाळणाघर बंद'." त्या चिठ्ठ्यांत माझ्याही काही असणार.

आता शास्त्राकडे वळू. पाळणाघरातील मुलांना पहिल्या दोन वर्षांत सर्दी-पडसे अधिक होते, हे खरे. घरी वाढणाऱ्या लहान मुलालाही वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते. पाळणाघरात ती संख्या त्याहून वाढते. परंतु अमेरिकेतील टक्सन येथील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात २००२ साली असे दिसून आले की, मोठ्या पाळणाघरात वाढलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी अधिक झाली, तरी शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत कमी झाली. म्हणजे हा हिशेब बराचसा आधी किंवा नंतर चुकता करण्याचा आहे. अगदी लहान बाळ, अपुऱ्या दिवसांचे मूल, हृदयाचा किंवा दम्याचा विकार असलेले मूल यांची गोष्ट अर्थातच वेगळी.

"मूल आईजवळच हवे," असे आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ सांगतात. त्यामागची माया मी जाणतो. परंतु अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला, त्यातून निघालेला निष्कर्ष सौम्य आहे : पाळणाघरात गेल्यामुळे आई व मूल यांच्यातील जिव्हाळा तुटत नाही, मुलाच्या घडणीवर सर्वांत मोठा प्रभाव घराचाच राहतो, सांभाळ चांगला असेल तर भाषा व आकलन थोडे पुढे जाते, आणि तास फार लांबले तर वागण्यातील तक्रारी थोड्या वाढतात. याचा अर्थ 'पाळणाघर चांगले की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवे ते 'कोणते पाळणाघर, किती तास, आणि तिथे मुलाला उचलून घेणारी कोण' हे.

पालक मात्र भलत्याच गोष्टी पाहतात. वातानुकूलन आहे का, कॅमेऱ्याचे चित्र मोबाइलवर दिसते का, इंग्रजी बालगीते शिकवितात का. कॅमेरा मूल दाखवितो, त्याला उचलून घेत नाही. आणि गीते बहुधा टीव्हीच्या पडद्यावर चालू असतात. दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको, असे भारतीय बालरोग अकादमीने २०२१ साली स्पष्ट सांगितले आहे. पाहावयाचे असते ते संख्येचे गणित. एक वर्षाखालील तीन बाळांमागे एक आणि त्यापुढील तीन वर्षांपर्यंतच्या चार मुलांमागे एक सांभाळणारी असावी, अशी अमेरिकी बालरोग अकादमीची शिफारस आहे. आपल्याकडे ती पाळणे कठीण, हे मान्य. परंतु तीन तान्ह्या बाळांसाठी ठरलेली अशी एक बाई असावी आणि ती दर दोन महिन्यांनी बदलू नये, एवढे तरी मागता येते. ती बदलते, कारण तिला पैसे कमी मिळतात. त्या दीदीचा पगार माझ्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईपेक्षा कमी होता. ज्या कामावर मेंदूची पहिली तीन वर्षे अवलंबून, ते काम आपण शहरातील सर्वांत स्वस्त काम करून ठेवले आहे.

हे हलके काम नव्हे, हे मराठी माणसाला नव्याने सांगावे लागू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आयुष्य वाहिले ते शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठीच. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, हा त्यांच्या बालशिक्षणाचाच भाग होता.

औषधांविषयी एक गोष्ट कठोरपणे सांगावी लागेल. मूल दुपारी शांत झोपावे म्हणून सर्दीच्या औषधाचा चमचा देण्याची पद्धत काही घरांत आणि काही पाळणाघरांतही आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. २०२५ साली तर आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, डायइथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. नाव, मात्रा आणि डॉक्टरांची सही नसलेली बाटली पाळणाघराच्या कपाटात असताच कामा नये. आणि ती तिथे पोचते ती आपण सढळ हाताने लिहून देतो म्हणूनच.

कायद्याने काही केले नाही, असे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची नर्सिंग होम्स पन्नासाच्या आतली आहेत. तिथे काम करणाऱ्या सिस्टर आणि आया कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. आपल्या नजरेबाहेर राहू नयेत.

म्हणून आपल्या संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक बालरोगतज्ज्ञ व कौटुंबिक डॉक्टर सभासदाने आपल्या वस्तीतील एक पाळणाघर स्वतःचे मानावे आणि तीन महिन्यांतून एक दुपार तिथे विनामूल्य द्यावी : लसीकरणाची पत्रके पाहावीत, वजने नोंदवावीत, हात धुण्याची, जलसंजीवनी करण्याची आणि घशात काही अडकल्यास करावयाच्या उपायाची उजळणी घ्यावी. दुसरी, मूल कधी घरी ठेवावे याचे एक पानी मराठी-हिंदी पत्रक संस्थेने काढावे. ताप, उलट्या, जुलाब असता घरी. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी. आणि नुसते नाक वाहते, पण मूल खेळते-खाते आहे, तर खुशाल पाठवावे. एवढे एक पान अनेक आयांच्या रजा वाचवील. तिसरी, ज्यांची नर्सिंग होम्स जवळजवळ आहेत त्यांनी तीन-चार जणांनी मिळून एक खोली आणि दोन चांगल्या पगाराच्या बायका यांचा खर्च उचलावा.

काकूंकडे आता दुसरे बेसिन लागले आहे. प्रत्येक मुलाचा पंचा वेगळा आहे, त्यावर कोणाचा मोर, कोणाचे आंबे, असे काकूंनीच भरतकाम केले आहे. औषधांची वही आहे, दूरध्वनी क्रमांक भिंतीवर आहेत, सुपारीचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेला आहे. याला पैसा फार लागला नाही. मुलांची सर्दी थांबली, असे मी म्हणणार नाही. पण आता मूल सर्दीने आले तर मी आधी विचारतो, "पाळणाघरात याला कोण बघते?" आणि माझी संध्याकाळची ओपीडी किती का लांबेना, सिस्टर साडेसहाला निघतात. एवढी साधी गोष्ट शिकायला मला सात वर्षे लागली. आपणांस तेवढी लागू नयेत, एवढेच नम्र निवेदन.