चित्रमालिकेचा वार

गेल्या वर्षी आमच्या विभागातील द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आम्हांला एक प्रश्न विचारला आणि आम्ही त्याचे चुकीचे उत्तर दिले. त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून हे लेखन.

परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो. विभागाचे भित्तिपत्रक महिन्यातून एकदा लागते. निदान लागावे अशी अपेक्षा असते. त्यात कविता उदंड येतात. चित्र म्हणजे बहुधा जयंती-पुण्यतिथीनिमित्त काढलेले एखादे व्यक्तिचित्र. या मुलीने मात्र चार चौकटींची चित्रमालिका आणून दिली. नाव 'फाटा'. मुख्य रस्त्यापासून गावाची वाट जिथे फुटते तिथे एस.टी.ची वाट पाहत बसलेले एक आजोबा, दप्तर सांभाळणारी एक शाळकरी मुलगी आणि कुणाचेच नसलेले एक कुत्रे, एवढाच तिचा परिवार. गाडी येत नाही. आली तर थांबत नाही. थांबली तर आजोबांना आठवते की आज कुठे जायचेच नव्हते. भित्तिपत्रकापुढे कधी नव्हे ती गर्दी झाली. पुढच्या महिन्यापासून तिने तीच चित्रे मोबाइलवर, इन्स्टाग्रामवर द्यायला आरंभ केला. साधारण पंधरवड्याला एक, असा तिचा आपोआप ठरलेला क्रम होता. मग तिने विचारले, "सर, किती दिवसाला एक टाकू?"

आम्ही सांगितले, रोज टाक. सांगताना आमच्या मनात 'चिंटू' होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये अवतरला आणि वाचकांच्या एका पिढीने सकाळचा चहा त्याच्यासोबत घेतला. जून आला की चिंटूची शाळा सुरू होई, दिवाळी आली की त्याचा किल्ला. पप्पू, मिनी, बगळ्या ही मंडळी वाचकांच्या घरातली झाली, ती या रोजच्या भेटीमुळेच. शिवाय मोबाइलवर काही करणाऱ्या प्रत्येकाला आजकाल हाच सल्ला मिळतो: खंड पडू देऊ नकोस, खंड पडला की लोक विसरतात. आमच्या सल्ल्यामागे हा ऐकीव शहाणपणाही होता, हे मान्य केले पाहिजे.

तिने पाच आठवडे रोज चित्र दिले. पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्यात पार्श्वभूमी नाहीशी झाली. फाट्यावरची बाभूळ, पानटपरी, किलोमीटरचा दगड, काहीच उरले नाही, नुसती माणसे पांढऱ्यात उभी. तिसऱ्यात आजोबांच्या तोंडी व्हॉट्सॲपवर फिरणारे विनोद येऊ लागले. चौथ्यात कुत्रे दिसेना. कुत्रे काढायला वेळ लागतो, असे ती नंतर म्हणाली. पुढे सोयाबीनची काढणी आली, तिच्यामागून कापसाची वेचणी, आणि त्याच सुमारास सत्र परीक्षा. 'फाटा' बंद पडला. ती विभागात आली ती अपराध्यासारखी. "रोजचं काई जमंना, सर." तिने क्षमा मागावी असे काही घडलेच नव्हते. क्षमा मागायची ती आम्ही.

चूक कुठे झाली, याचा विचार आम्ही बराच केला. चिंटूचे उदाहरण तिला लागू पडत नव्हते. चिंटूमागे दोन माणसे होती आणि एक दैनिक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची घडणच रोजच्यासाठी होती: ठरलेली पात्रे, न वाढणारे वय, एका बैठकीत सुरू होऊन संपणारी गंमत, फार तपशील न मागणारी रेषा. दैनिक चित्रमालिका हा स्वतंत्र रचनाप्रकार आहे. आठवड्याची किंवा महिन्याची चित्रमालिका अधिक वेगाने काढली म्हणून ती दैनिक होत नाही.

चार्ल्स शुल्झ यांनी 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० पासून १३ फेब्रुवारी २००० पर्यंत चालवली. जवळजवळ पन्नास वर्षे, सतरा हजारांहून अधिक चित्रमालिका, त्याही एकहाती. हा आकडा विद्यार्थ्यांना सांगितला की ते थक्क होतात. पण तो त्या माणसाचा पूर्णवेळ व्यवसाय होता, हे सांगायचे आपण विसरतो. आणि त्याच व्यवसायातले बिल वॉटरसन? त्यांची 'कॅल्व्हिन अँड हॉब्स' १९८५ साली सुरू झाली. १९९१ आणि १९९४ साली त्यांनी दीर्घ रजा घेतल्या. त्या काळात वृत्तपत्रांनी जुनीच चित्रे पुन्हा छापली. ३१ डिसेंबर १९९५ रोजी त्यांनी मालिका थांबवली ती कायमची. वाचक विसरले नाहीत. रोजच्या भेटीने जिव्हाळा निर्माण होतो हे खरे. पण खंडाने तो नाहीसा होतो, हे आम्हांला आता तितकेसे पटत नाही.

आपल्याकडे तर याचा पुरावा हाताशीच आहे. शि. द. फडणीस यांची 'मोहिनी'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे वर्षातून एकदा भेटत. एक चित्र, शब्द शून्य. अंगावर उंदरांची नक्षी असलेली तरुणी आणि मांजरांची नक्षी असलेला तरुण यांचे ते चित्र पाहिलेला वाचक पुढच्या मुखपृष्ठासाठी बारा महिने थांबे. फडणिसांनी दर आठवड्याला मुखपृष्ठ काढले असते तर ते तसे झाले असते का, असा प्रश्न आमच्यातील एका सहकाऱ्यांनी विचारला; आम्हांला वाटते, झाले नसते. मधले अंतर त्या चित्राच्या घडणीत सामावलेले आहे. साप्ताहिकाचे गणित पुन्हा निराळे. १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या 'मार्मिक'मधील बाळ ठाकरे यांची 'रविवारची जत्रा' नावाप्रमाणेच गर्दीची असे. आठवडाभराच्या घटना एका पसाऱ्यात मांडण्याची सवड साप्ताहिकाने दिली होती. दैनिकाच्या एका चौकटीत जत्रा भरत नाही. तिथे एखादाच माणूस उभा राहतो आणि एखादेच वाक्य बोलतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवीन वाटू नये. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळावर आपण परीक्षेत हमखास प्रश्न विचारतो. त्या पाल्हाळात आठवड्याच्या अंकाचा वाटा किती, हे मात्र क्वचित विचारतो. आठवडा उलटून आलेल्या वाचकाला मागचे आठवण करून द्यावे लागते, लेखकाला अंकाची जागा भरावी लागते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्या काळी प्रकाशनाचा क्रम लेखनाच्या पोटात शिरत होता तसा आजही शिरतो, केवळ कागदाच्या जागी काच आली आहे.

मराठीला तर या क्रमांची नावे मुखोद्गत आहेत: दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, द्वैमासिक, त्रैमासिक, वार्षिक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वर्षातून एकदाच येणाऱ्या अंकाचीही आपण वाट पाहायला शिकलो. शिवाय आपल्याकडे 'अनियतकालिक' हा सुंदर शब्द आहे. १९६० च्या दशकातील तरुणांनी तो अभिमानाने मिरवला. अशोक शहाण्यांच्या 'असो'ला किंवा 'वाचा'ला उशीर झाला असे कुणी म्हणत नसे, कारण ते वेळेवर येऊ असे म्हणालेच नव्हते. उलट मराठवाड्यात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक काही दशके चालवले, आणि दलित साहित्यातील कितीतरी लेखकांना त्या नेमाचा आधार मिळाला. एकीकडे नेम न पाळण्याचे स्वातंत्र्य, दुसरीकडे नेमाचा आधार. दोन्ही आपल्या परंपरेत प्रतिष्ठित आहेत. अप्रतिष्ठित आहे तो तिसरा प्रकार, दैनिक म्हणवून अनियतकालिक होणे. आम्ही तिला नेमके तेच करायला लावले होते.

आता व्यवहाराचे बोलू. आम्ही तिच्यासोबत बसून एका चित्रमालिकेला लागणारा वेळ मोजला. कल्पना सुचण्याचा वेळ सोडला तरी पेन्सिल, शाई आणि अक्षरे मिळून चार तास. अक्षरांचा वेळ आमच्या लक्षातच आला नव्हता. देवनागरीत संवादाच्या फुग्याला उंची जास्त लागते. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. ती आजोबांची बोली जशीच्या तशी लिहिते, त्यामुळे शब्द कमी करता येत नाहीत. रोज चार तास म्हणजे आठवड्याचे अठ्ठावीस. एवढा वेळ आमच्या वर्गांनाही ती देत नाही, आणि देऊ नये असे म्हणण्याइतका उदारपणा आमच्यात आहे.

दुसरे असे की वेळेचा हिशेब सुगीच्या आठवड्यावरून करायचा असतो, सुट्टीतल्या आठवड्यावरून नव्हे. उन्हाळ्यात जे रोज जमते ते वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा जमेल का, हा प्रश्न आधी. इथल्या घरांना बेगमी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. कणगीत आठ-दहा चित्रे पडलेली असल्याशिवाय पहिले बाहेर काढू नये, असे आमचे आता मत झाले आहे; आजारपण, परीक्षा, लग्नसराई यांतून ती बेगमी पार नेते.

आणखी एक भेद करावा लागतो. एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले की त्याला अठ्ठेचाळीस पानांची सलग चित्रकथा काढायची आहे, तीही आठवड्याला एक पान अशी द्यावी का? आमचे उत्तर, देऊ नये. जवळजवळ वर्ष लागेल. वाचकाला विसाव्या पानावर पहिल्याचे पात्र आठवणार नाही, आणि प्रत्येक पानाच्या अखेरीस ओढूनताणून एक धक्का द्यावा लागेल. अशा कथेचे प्रकरण पुरे झाले की ते एकदम द्यावे, मग मध्ये महिना जावो की दोन. 'फाटा' मात्र तशी कथा नाही. तिथे काही घडत नाही, हाच तिचा विषय. तिला आठवडा शोभतो.

आठवडाही केवळ अंतर म्हणून नव्हे, वार म्हणून. रँडल मन्रो यांचे 'एक्सकेसीडी' हे वेबकॉमिक २००५ पासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे ठरल्या वारांना येते. कोरियातील वेबटून वाचकांपुढे वारानुसारच मांडलेली असतात. हे वाचून आम्हांला हसू आले. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक मोठ्या गावाला बाजाराचा वार आहे, आणि तो वार सांगायला जाहिरात लागत नाही. पाऊस असो, तिफण चालू असो, बाजार त्या दिवशी भरतो. बाकीचे सहा दिवस कुणी तिथे जाऊन 'बाजार का नाही' म्हणून रागावत नाही. 'दर सात दिवसांनी' हे लक्षात ठेवावे लागते, 'बाजाराच्या दिवशी' हे ठेवावे लागत नाही.

आमच्यात यावर एकमत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. एका सहकारी बाईंचे म्हणणे, पंधरवडाच बरा होता. तो त्या मुलीने स्वतः, कुणाला न विचारता शोधला होता, आणि आम्ही शिक्षक मंडळींनी आधी तो मोडून आता आठवड्यावर तडजोड करत आहोत. या म्हणण्याला आमच्यापाशी चांगले उत्तर नाही. इतकेच की, निर्णय या वेळी आम्ही घेतलेला नाही. हिशेबाचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि गप्प बसलो. गप्प बसणे शिक्षकांना जड जाते.

तिने आठवडा निवडला आणि वार निवडला तो तिच्या गावच्या बाजाराचा. दोन महिने तिने काहीच दिले नाही, नुसती चित्रे साठवली. परवा तिने नऊ चित्रमालिका विभागात आणून टेबलावर मांडल्या. बाभूळ परत आली आहे, टपरीही. कुत्रे प्रत्येक चित्रात आहे, एकात तर तेच तेवढे आहे. दहावे चित्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी राखून ठेवलेले: फाट्यावर कुणीच नाही, किलोमीटरच्या दगडाला टेकवलेल्या पाटीवर खडूने लिहिले आहे, 'पेपर हायेत. तीन बाजार सोडून या.'