अक्षरांचे भाटकार आणि आपण मुंडकार

१९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणीला राजभाषा केले आणि मराठीला वापराची मुभा दिली. तेव्हापासून आपण गळा सुकवतो आहोत. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढेही वाटले. छान झाले. पण मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो : तुमच्या संस्थेची पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका आज संगणकावर उघडते का? कपाटातली छापील प्रत नव्हे, फाईल. उघडून पाहा, मग राजभाषेवर बोलू.

हा प्रश्न मला पडला बडोद्यात, अलकापुरीत. (अलकापुरी म्हणजे कुबेराची नगरी, आणि तिथे बसून मी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम चढवत होतो!) मामींचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेईना आणि विंडोज १०चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपलेला. लिनक्स ओळखीची, म्हणून मुद्दाम अनोळखी घर निवडले : फ्रीबीएसडी. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला. तिच्या बर्कलीत वाढलेल्या शाखेतून १९९३ साली ही निघाली.

अनोळखी म्हणजे किती? इन्स्टॉल संपले आणि समोर काळा पडदा, त्यावर 'लॉगिन' एवढेच. ना खिडक्या, ना चित्रे. त्या पडद्यावर मराठी वाचायची सोयच नाही. तिथे एका चौकटीत एक चिन्ह बसते. वेलांटी सरकवणे, जोडाक्षर गुंफणे ही कामे करायला कोणी नाही. मग हॅण्डबुक वाचत (काय सुरेख लिहिले आहे!) एकेक पायरी चढत एक्स, एक्सएफसीई आणि लोहित फॉन्ट घातले. दोन संध्याकाळी गेल्या. नंतर माझी युनिकोडमधली एक फाईल उघडली. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन्ही शब्द जिथल्या तिथे, आपल्या खास मराठी ऱ्यसकट!

ह्यात चमत्कार काही नाही. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आपल्याच १९८८च्या इस्की ह्या भारतीय प्रमाणावर बेतलेला आहे. ते युनिकोड फाईलमध्ये साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ साली रॉब पाईकबरोबर बसून तयार केली ती केन थॉम्प्सनने, म्हणजे युनिक्सच्याच एका जनकाने. तेव्हा ह्या परक्या घरात मराठी पाहुणी नाही, तिची जागा तिथे आधीपासून राखलेली आहे.

मग मामींनी एक सीडी आणून दिली. मामा आता नाहीत. बडोद्यातल्या मराठी माणसांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या होत्या, चाळीसेक लेख. फाईल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे ह्यांचा नुसता काला. मामी चष्मा पुसून पुन्हा पाहत राहिल्या.

दोष फ्रीबीएसडीचा नाही. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही हेच दिसते. जुन्या फॉन्टांची युक्ती अशी की फाईलमध्ये साठवायचे रोमन चिन्हांचे आकडे आणि त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चिकटवायचे. कुठल्या आकड्यावर कुठले चित्र, हे प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरवले. फॉन्ट गेला की मराठी गेली! मामांच्या फॉन्टचा तक्ता काही हाती लागला नाही.

गोयंकारांना हे समजावून सांगायला नको. घर आपले, पण भाट भाटकाराचे! आपल्याकडे मुंडकाराला हुसकावता येऊ नये म्हणून १९७५ साली कायदा झाला. अक्षरांच्या मुंडकाराला कुठला कायदा आहे? भाटकाराने दुकान बंद केले की आपले लेख उघड्यावर.

आणि तरीही आजसुद्धा संपादक विचारतात, "अमुक फॉन्टमध्ये पाठवाल का? आमचा डीटीपीवाला युनिकोड घेत नाही." पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, तिच्यासाठी भाषेने अजून थांबायचे? इनडिझाइन देवनागरी युनिकोड जुळवते, फुकटचे स्क्रायबसही जुळवते. अडचण यंत्राची राहिलेली नाही, सुशेगादपणाची आहे. "सवय नाही" हे उत्तर तर मला मुळीच पटत नाही. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश काढला, तिथे कारकुनांनाही सवय नव्हतीच. सवय लावावी लागते, आणि ती लावण्याची जबाबदारी ज्यांच्या हातात संस्था आहेत त्यांची.

म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. प्रत्येक मराठी संस्थेने, मासिकाने, वाचनालयाने आपल्या जुन्या फायली एकदा अशा अनोळखी संगणकावर उघडाव्यात. ज्या उघडतील त्या आपल्या. ज्या उघडणार नाहीत त्या युनिकोडमध्ये आणाव्यात. फॉन्टचा तक्ता मिळत असेल तर परिवर्तकाने, नाहीतर छापील प्रत समोर ठेवून, हाताने टंकून. लिहिणारी आणि मुद्रिते तपासणारी माणसे हयात आहेत तोवर हे व्हायला हवे. मोर्चा त्यानंतर काढू. मीही येईन.